लिहिलं होतं, पण सांगितलं नव्हतं: 'हेलडायव्हर्स २' आणि तीन दिवसांत मागे घेतलेली अट

शुक्रवार, ३ मे २०२४. पीसीवर 'हेलडायव्हर्स २' खेळणाऱ्यांना स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, गेमची प्रकाशक असलेल्या सोनीची एक सूचना वाचायला मिळाली. मजकूर लहान, सूर सभ्य आणि थंड. गेम बाजारात आला तेव्हा तांत्रिक अडचणींमुळे स्टीमचं खातं प्लेस्टेशन नेटवर्क या सोनीच्या ऑनलाइन सेवेच्या खात्याशी जोडण्याची अट तात्पुरती शिथिल केली होती, ती सवलत आता संपते आहे, असं त्यात म्हटलं होतं. नव्या खेळाडूंना ६ मेपासून खातं जोडणं सक्तीचं. जुन्यांना ३० मेपासून तशी विचारणा होणार आणि ४ जूनपर्यंत मुदत. म्हणजे नव्या गिऱ्हाइकांसाठी शुक्रवारी सांगून सोमवारी अंमल.

तो सोमवार उजाडेपर्यंत त्याच कंपनीने हा बदल रद्द केल्याचं जाहीर करून टाकलं होतं. मधल्या शनिवार-रविवारी स्टीमवर दोन लाखांहून जास्त नकारात्मक रिव्ह्यू पडले होते आणि शंभरावर देशांत गेमची विक्रीच बंद झाली होती.

खेळाडूंचा याहून मोठा संताप गेमिंगने पाहिलेला आहे. २०१७ मध्ये 'बॅटलफ्रंट २' या गेममधले नायक मिळवायला तासन्‌तास का घालवावे लागतात, या प्रश्नावर ईए या गेम कंपनीच्या खात्यावरून रेडिटवर जे उत्तर आलं, त्याला साडेसहा लाखांहून अधिक नापसंतीची मतं पडली होती. पण ते प्रकरण शिकण्यासाठी फारसं उपयोगाचं नाही, कारण तिथे उत्तर उद्धटच होतं. इथे सूचनेत एकही उद्धट शब्द नाही. सगळं नियमाला धरून, सगळं आधी कुठेतरी लिहून ठेवलेलं. तरीही डाव उलटला. शिवाय हा गेम बनवणारा स्टुडिओच तीन महिन्यांनी दुसऱ्या एका नावडत्या बदलावरून पुन्हा अडचणीत आला आणि त्या वेळी वेगळा वागला. एकाच घरातली ही दोन उदाहरणं शेजारी ठेवता येतात, म्हणून हे प्रकरण.

मंडळी कोण, आणि फेब्रुवारीत काय झालं

'हेलडायव्हर्स २' स्टॉकहोममधल्या ॲरोहेड या स्टुडिओने बनवला. स्टुडिओ स्वतंत्र आहे, पण गेमचा प्रकाशक सोनी आहे आणि हेलडायव्हर्स हे नावही सोनीच्याच मालकीचं. चार जणांनी मिळून खेळायचा, सतत ऑनलाइन चालणारा हा गेम. 'सुपर अर्थ' नावाच्या राजवटीचे सैनिक होऊन लोकशाहीच्या नावाखाली परग्रहांवर गोळ्या झाडायच्या, असा त्याचा तिरकस विनोद आहे. सगळे खेळाडू एकाच आकाशगंगेच्या नकाशावर लढतात, आणि स्टुडिओ त्यांना वेळोवेळी 'मेजर ऑर्डर' देतो: अमुक ग्रह वाचवा, तमुक शत्रू इतक्या संख्येने मारा. लाखो लोकांना एकाच दिशेने पळवायची सवय या गेमने स्वतःच लावली होती. ती पुढे कुणावर उलटली, ते येईलच.

८ फेब्रुवारी २०२४ ला गेम प्लेस्टेशन ५ आणि पीसीवर एकदम आला. कुणाच्या स्वप्नातही नसेल इतकी गर्दी झाली. एकट्या स्टीमवर एका वेळी साडेचार लाखांहून अधिक माणसं खेळायला लागली. सर्व्हर कोलमडले, लोक लॉगिनच्या रांगेत ताटकळत राहिले. त्या धबडग्यात स्टुडिओने पीसीवरची खातं जोडायची पायरी ओलांडून पुढे जायची सोय करून दिली. निर्णय योग्यच होता. पैसे मोजून बसलेल्या माणसाला आधी आत घ्यावं, कागदपत्रं मग बघावीत.

त्या आठवड्यांत स्टुडिओचे तेव्हाचे सीईओ योहान पिलेस्टेड यांनी जे केलं ते या धंद्यात फार क्वचित दिसतं. सर्व्हर कुठे अडकले आहेत, मर्यादा किती, ती कधी वाढेल हे ते ट्विटरवर (तेव्हा नाव बदलून एक्स झालं होतं) स्वतः लिहीत होते. एकाला तर त्यांनी सांगितलं, की हातात जास्तीचे पैसे नसतील तर सर्व्हर सावरेपर्यंत गेम विकत घेऊ नका. आपलाच माल आत्ता घेऊ नका म्हणणारा सीईओ! लोकांचा जीव जडला. स्टुडिओकडे विश्वासाची जी पुंजी जमली ती या दिवसांत, आणि मे महिन्यात सोनीने खर्च केली ती हीच.

पण एवढ्या मोकळ्या बोलण्यात एक गोष्ट निसटली. खातं जोडण्याची पायरी ओलांडू देताना 'ही अट रद्द झालेली नाही, फक्त पुढे ढकलली आहे' हे कुणीही ठळकपणे सांगितलं नाही. माझ्या मते या प्रकरणातली खरी चूक ३ मेच्या सूचनेत नाही. ती फेब्रुवारीत न दिलेल्या सूचनेत आहे.

लिहिलं होतं हे खरं

कंपनीची बाजू आधी मांडू, कारण ती पोकळ नाही. स्टीमवरच्या गेमच्या पानावर पहिल्यापासून लिहिलं होतं, की प्लेस्टेशन नेटवर्कचं खातं लागेल. पिलेस्टेड यांनीही पुढे कबूल केलं, की अट सक्तीची असणार हे स्टुडिओला गेम येण्याच्या सुमारे सहा महिने आधीपासून माहीत होतं. म्हणजे सोनीने रातोरात नियम उकरून काढला, हा आरोप टिकत नाही.

तरी तो आरोप लोकांना पटला, आणि पटण्याजोगाच होता. स्टीमच्या पानावर उजवीकडच्या कोपऱ्यात बारीक चौकट असते, ती कुणी वाचत नाही. गेम सुरू केल्यावर पडद्यावर खातं जोडा म्हणणारी पाटी येते, तिच्याखाली 'पुढे चला' अशी सोय असते. माणूस पुढे जातो. दुसऱ्या दिवशीही जातो. बारा आठवडे जातो. पडद्यावरचं बटण रोज एक सांगत असेल आणि कोपऱ्यातली चौकट दुसरं, तर माणूस बटणावर विश्वास ठेवतो. त्यात सोनीच्या मदत-पानावर पीसीवरच्या गेमसाठी हे खातं ऐच्छिक असल्याचा मजकूर होता. तो नेमका याच गडबडीच्या दिवसांत बदलला गेला आणि खेळाडूंनी जुन्या-नव्या मजकुराची चित्रं शेजारी लावून सगळीकडे फिरवली. कागदोपत्री बरोबर असण्याचा कंपनीचा एकमेव आधार असा तिच्याच हातून गेला.

मुदत न सांगता दिलेली सवलत काही आठवड्यांत हक्क होऊन बसते. मग ती काढून घेणं म्हणजे दिलेलं हिसकावणं. देणाऱ्याच्या मनात ती तात्पुरती होती, हे घेणाऱ्याला दिसायला मार्गच नसतो.

सूचनेची चिरफाड

आता ती सूचनाच घेऊ. तिच्यात कारण म्हणून खेळाडूंची सुरक्षितता दिली होती: खातं जोडलेलं असलं, की त्रास देणाऱ्यांवर बंदी घालता येते आणि ज्यांच्यावर बंदी येते त्यांना दाद मागता येते. शेवटी काहींची थोडी गैरसोय होईल हे आम्ही जाणतो, पण याने तुम्हाला अभिमान वाटेल असा समुदाय घडायला मदत होईल, अशा आशयाचं वाक्य.

वाचणाऱ्याच्या डोक्यात पहिला प्रश्न सरळ येतो. गेले बारा आठवडे मग काय चाललं होतं? गेममध्ये त्रासदायक माणसाला तुकडीतून हाकलायची सोय होतीच. फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर होतं, आणि तेही संगणकात इतकं खोल शिरणारं, की त्यावरून गेम येण्याच्या वेळीच कुरबूर झाली होती. शिवाय प्रत्येक खेळाडूचं स्टीमचं खातं होतं. मग अजून एका खात्याने नेमकी कोणती भर पडणार? सूचनेत उत्तर नाही. दुसरीकडे, ज्या सेवेत खातं उघडायचं तिच्या सुरक्षिततेचा इतिहासही लोकांच्या लक्षात होता. एप्रिल २०११ मध्ये प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये घुसखोरी होऊन सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली होती आणि सेवा तीन आठवड्यांहून जास्त काळ बंद राहिली होती. तेव्हा तेरा वर्षं जुनी झालेली गोष्ट, मान्य. पण 'तुमच्या सुरक्षिततेसाठी' असं म्हणताक्षणी ती कुणीतरी उकरणार, हे सूचना लिहिणाऱ्याला सुचायला हवं होतं.

खेळाडूंचा कयास वेगळाच होता: नेटवर्कवरच्या सक्रिय खात्यांचा आकडा सोनी आपल्या तिमाही निकालांत देते, तो वाढवायचा असणार. हा कयास खरा की खोटा हे बाहेरून ठरवता येत नाही. पण तो इतक्या सहज पसरला, याचं कारण सूचनेतच आहे. ताकाला जाऊन भांडं लपवलं, की समोरचा भांड्याचा आकार स्वतःच्या मनाने ठरवतो. समजा कंपनीने सरळ लिहिलं असतं, की आमच्या सगळ्या ऑनलाइन गेमना एकच खातेव्यवस्था हवी आहे, ती आम्हाला चालवायला सोपी आणि स्वस्त पडते, आणि ज्यांना प्लेस्टेशनवरच्या मित्रांबरोबर खेळायचं आहे त्यांनाही ती उपयोगी पडेल. लोक तरीही कुरकुरले असते. पण खोटं बोलताय असं म्हणायला जागा राहिली नसती. कंपनीने स्वतःची सोय बघणं यात पाप नाही, आणि खेळाडू तेवढे समंजस असतात. त्यांच्या भल्याचं आवरण घालून ती सोय पुढे केली, की ते बिथरतात.

हे सगळं एकवेळ सोडून देऊ. सूचनेतली सर्वांत जड चूक तिच्यात न आलेल्या माणसांची आहे.

प्लेस्टेशन नेटवर्क तेव्हा जगातल्या सत्तरेक देशांत अधिकृतपणे उपलब्ध होतं. स्टीमवर 'हेलडायव्हर्स २' त्याहून कितीतरी जास्त देशांत विकला गेला होता. फिलिपिन्स, व्हिएतनाम, एस्टोनिया, लात्विया, लिथुआनिया: इथल्या माणसाने रीतसर पैसे भरून गेम घेतला होता आणि तीन महिने खेळला होता. त्याने ही सूचना वाचावी कशी? ४ जूनपर्यंत असं खातं उघड, जे तुझ्या देशात उघडताच येत नाही. दुसऱ्या देशाचा पत्ता टाकून उघडावं, तर खऱ्या माहितीची अट सोनीच्याच नियमांत आहे, म्हणजे खातं कधीही बंद होण्याची टांगती तलवार. त्याच्यासाठी ही 'थोडी गैरसोय' नव्हती. विकत घेतलेली वस्तू हातातून जाणार होती. आणि सूचनेत त्याच्यासाठी एक शब्दही नव्हता.

बहुतेक खेळाडूंना हा फटका बसणार नव्हता. त्यांच्या दृष्टीने काम पाच मिनिटांचं होतं. नुसता त्यांचाच प्रश्न असता तर दोन दिवस आरडाओरडा होऊन प्रकरण थंडावलं असतं, असं मला वाटतं. पण ज्यांना काहीच फरक पडणार नव्हता अशांनीही ज्यांचा गेम जाणार होता त्यांच्यासाठी रिव्ह्यू लिहिले. या गेममध्ये अनोळखी चार जण एकमेकांना उचलून विमानापर्यंत नेतात, त्याचा हा परिणाम म्हणायचा का, कोण जाणे. पण भांडणाला नैतिक बळ मिळालं ते इथून. 'मला कंटाळा येतो' या तक्रारीची 'माझ्या साथीदाराला बाहेर काढताय' ही तक्रार झाली, आणि तिच्यापुढे सुरक्षिततेचं कारण टिकणं शक्यच नव्हतं.

सूचना लिहिणाऱ्या माणसासाठी इथे एक करून बघण्यासारखी गोष्ट आहे. मसुदा तयार झाला, की सर्वांत जास्त नुकसान होणाऱ्या वाचकाच्या जागी बसून तो एकदा वाचावा. त्याचा उल्लेख पहिल्या दोन परिच्छेदांत नसेल, तर मसुदा अपुरा आहे. आणि उल्लेख करायला गेल्यावर लिहिण्यासारखं काही सापडतच नसेल, तर दोष मसुद्यात नाही. मूळ निर्णयच अर्धवट शिजलेला आहे. ३ मेला सोनीकडे फिलिपिन्समधल्या खेळाडूसाठी उत्तरच नव्हतं. शब्द बदलून ते येणार नव्हतं.

शनिवार, रविवार

पुढचे दोन दिवस वेगाने गेले. 'हेलडायव्हर्स'चे खेळाडू या लढाईला मेजर ऑर्डर म्हणू लागले. लक्ष्य: स्टीमचे रिव्ह्यू. अलीकडच्या रिव्ह्यूंचा शेरा थेट तळाला गेला. रिव्ह्यूच निवडण्यामागे साधा हिशेब होता. डिस्कॉर्डवरचा, म्हणजे खेळाडूंच्या गप्पांच्या ॲपवरचा राग कंपनीपुरता राहतो, दुकानाच्या दारावरचा राग येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दिसतो. रिफंडची मागणीही सुरू झाली. स्टीमचा एरवीचा नियम विकत घेतल्यापासून १४ दिवस आणि खेळण्याचे २ तास असा आहे, पण या वेळी त्याहून कितीतरी जास्त तास खेळलेल्यांनाही पैसे परत मिळाल्याच्या बातम्या आल्या.

याच दोन दिवसांत प्लेस्टेशन नेटवर्क नसलेल्या देशांतून गेम स्टीमवरून गुपचूप काढला गेला. यादी १७७ देश आणि प्रदेशांची निघाली. निवेदन नाही, स्पष्टीकरण नाही. कदाचित हेतू चांगलाही असेल: ज्यांना पुढे खेळता येणार नाही त्यांना निदान आता तरी विकू नये. पण सांगितल्याशिवाय केलेल्या चांगल्या कृतीचाही संतापाच्या दिवसांत वाईटच अर्थ लागतो. 'बघा, आम्हाला कायमचं बाहेर काढलं' असाच तो लागला.

स्टुडिओची अवस्था मात्र मधल्या मध्ये चेपल्यासारखी झाली. निर्णय प्रकाशकाचा, शिव्या स्टुडिओला. पिलेस्टेड यांनी लिहिलं, की रिव्ह्यूंचा मार बसतोय, पण तो रास्तच म्हणावा लागेल. त्यांनी माफी मागितली. मग आणखी पुढे जाऊन सांगितलं, की सुरुवातीला खातं जोडण्याची पायरी बंद ठेवण्याचा निर्णय आपलाच होता, खेळाडूंना अटीची नीट कल्पना आपण दिली नाही, त्यामुळे आपण निर्दोष नाही. ज्या देशांत सेवाच नाही त्यांच्याबद्दल सोनीशी बोलणं चालू आहे, हेही सांगितलं. स्टुडिओच्या एका कम्युनिटी मॅनेजरने तर खेळाडूंना नाराजी रिव्ह्यू आणि रिफंडमधून कळवायला सुचवलं. पुढे त्या व्यक्तीने आपली नोकरी गेल्याचं जाहीर केलं.

या शेवटच्या गोष्टीवर मतं टोकाची आहेत. मला त्यात त्या व्यक्तीच्या दोषापेक्षा रचनेचा दोष जास्त दिसतो. खेळाडूंशी रोज बोलणाऱ्या माणसाकडे निर्णयाचा अधिकार नाही, निर्णयाची खरी कारणं नाहीत, आणि काय बोलावं याचा ठरलेला मजकूरही नाही. समोर हजारो चिडलेली माणसं. अशा वेळी तो एकतर पोपटासारखा सूचनेतलीच वाक्यं म्हणेल किंवा खेळाडूंच्या बाजूने उभा राहील. पिलेस्टेड यांच्या कबुलीचं वजनही म्हणूनच वेगळं: त्या दोन दिवसांत बोलणाऱ्या सगळ्यांमध्ये निर्णयाचा निदान एक तुकडा ज्याच्या हातचा होता असा तो एकच माणूस होता. सोनीतला असा कुणी पुढे आलाच नाही.

माघार

माघारीचा मजकूर प्लेस्टेशनच्या एक्सवरच्या खात्यावर आला, अमेरिकेतल्या रविवारी रात्री. मोजकी वाक्यं. तुमचं म्हणणं ऐकलं. ६ मेचा बदल आता होणार नाही. पीसीवरच्या खेळाडूंसाठी काय चांगलं हे आम्ही अजून शिकतो आहोत. पुढचं कळवत राहू. माफी नाही. फेब्रुवारीच्या घोळाचा उल्लेख नाही.

तरी या मजकुराला मी बरे गुण देईन. त्यात मोघमपणा नाही. मुदत वाढवली, समिती नेमली, काही देशांना वगळलं, असल्या पळवाटा नाहीत. काय होणार नाही ते तारखेसकट सांगून टाकलं. याच्या उलट उदाहरण आदल्या वर्षीचं. गेम बनवण्याचं इंजिन विकणाऱ्या युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क लावायची घोषणा केली, दहा दिवसांनी ती अर्धी मागे घेतली, पुढच्या महिन्यात सीईओ जॉन रिकिटिएलो पायउतार झाले, आणि शुल्क पूर्णपणे रद्द व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडला. तिथेही मूळ दुखणं हेच होतं: व्यवहार झाल्यावर अटी बदलणं. पण अर्ध्या माघारीने एक वर्ष जखम उघडी ठेवली.

सोनीची पूर्ण माघार लगेच लागू पडली. खेळाडूंनी स्वतःचीच उलटी ऑर्डर काढली आणि नकारात्मक रिव्ह्यू बदलायला लागले. पिलेस्टेड यांनी खेळाडूंच्या एकजुटीचं कौतुक केलं, सोनीचे आभार मानले, आणि रिव्ह्यूंचा तो खाली कोसळलेला आलेख छापलेला झगा गेममध्ये आणायच्या कल्पनेलाही उचलून धरलं. त्याच महिन्यात सोनीने सांगितलं, की गेमच्या पहिल्या बारा आठवड्यांत १ कोटी २० लाख प्रती विकल्या गेल्या. धंदा बुडाला नव्हता. पण त्या १७७ ठिकाणांची विक्री माघारीनंतरही बंदच राहिली. अट गेली, अटीपायी घातलेली बंदी उरली, आणि 'पुढचं कळवत राहू' या वाक्यात तिचा पत्ता नव्हता.

तोच स्टुडिओ, ऑगस्ट

६ ऑगस्टला 'एस्कलेशन ऑफ फ्रीडम' हा मोठा अपडेट आला. त्यात आगीच्या शस्त्रांचं वागणं बदललं. ज्वाळा पूर्वी शत्रूच्या अंगातून आरपार जायच्या, आता अडायला लागल्या. चार्जर या जाड चिलखताच्या शत्रूला फ्लेमथ्रोअरने लोळवणाऱ्यांचं हत्यार एका रात्रीत लुळं पडलं. आणि दोनच दिवसांनी 'फ्रीडम्स फ्लेम' हा आगीच्या शस्त्रांचाच संच विक्रीला आला! यात कट नसणार, दोन विभागांची दोन वेळापत्रकं एकमेकांवर आदळली असणार. पण बाहेरून ते दिसतं कसं, हे आत कुणी तपासलेलं दिसत नाही. रिव्ह्यू पुन्हा घसरले.

या वेळी मात्र निर्णय आणि बोलणं एकाच छताखाली होतं. ऑगस्टच्या मध्यावर गेम डायरेक्टर मिकाएल एरिक्सन यांनी स्वतःच्या नावाने निवेदन काढलं. या अपडेटमध्ये आमचा नेम चुकला, आणि काही ठिकाणी चूक एका शस्त्रापुरती नसून समतोल साधण्याच्या आमच्या पद्धतीतच आहे, असा त्याचा रोख होता. मग पुढच्या ६० दिवसांत काय करणार याची यादी: आगीचा परिणाम पुन्हा सुधारणं, समतोलाची पद्धत मुळातून तपासणं, बदल आधी खेळाडूंकडून तपासून घेण्याची सोय, सर्वेक्षणं, वारंवार लिहिणं. यादीतल्या बहुतेक गोष्टी अशा, की झाल्या की नाही हे कुणीही बघून सांगू शकेल. १७ सप्टेंबरचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) आला आणि ढीगभर शस्त्रं एकदम दमदार झाली. ऑक्टोबरमध्ये दुसरा हप्ता आला. सोडून गेलेले परतू लागले.

नर्फ, म्हणजे शस्त्र कमजोर करणं, आणि खात्याची सक्ती यांची सरळ तुलना करणं अन्यायाचं आहे, हे मला मान्य आहे. शस्त्र परत जोरदार करता येतं, ते पूर्णपणे स्टुडिओच्या हातात असतं. खातेव्यवस्थेत करार, वकील, दुसऱ्या खंडातलं मुख्यालय. तरी ६० दिवसांच्या निवेदनात जे होतं, म्हणजे बोलणाऱ्याचं नाव, चूक नेमकी कुठे झाली, आणि तपासता येतील अशा तारखा, त्यातलं काहीच ३ मेच्या सूचनेत ठेवायला कोणत्याही कराराची आडकाठी नव्हती.

पण घोडं पेंड खातं ते फेब्रुवारीत. तेव्हा पडद्यावर इतकंच झळकलं असतं: 'सर्व्हरवर ताण असल्यामुळे खातं जोडण्याची अट आम्ही काही काळ थांबवत आहोत. ती पुन्हा लागू होईल आणि त्याआधी तुम्हाला किमान महिनाभर आधी कळवू. तुमच्या देशात प्लेस्टेशन नेटवर्क नसेल, तर त्यावर तोडगा निघेपर्यंत आम्ही गेम तिथे विकणार नाही आणि ज्यांनी घेतला आहे त्यांना हवं तर पैसे परत देऊ.' हे लिहायला बसलेल्या माणसाला शेवटचं वाक्य लिहिताना कुणाला तरी फोन करावा लागला असता. त्या फोनवर कळलं असतं, की अशा देशांत आपण गेम विकतो आहोत याचा विचारच कुणी केलेला नाही. मे महिन्यात दोन लाख रिव्ह्यूंनी जे सांगितलं, ते त्या एका फोनने सांगितलं असतं.

सोनीचं पुढचं पाऊल सावध आणि थोडं नागमोडी होतं. त्याच मे महिन्यात पीसीवर आलेल्या 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'ला खात्याची अट फक्त मल्टिप्लेअरपुरती होती, तरी नेटवर्क नसलेल्या देशांतून तो विक्रीआधीच काढला गेला. सप्टेंबरमध्ये 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' आला, तो एकट्याने खेळायचा गेम असूनही खात्याची सक्ती घेऊन, आणि त्याच्याही रिव्ह्यूंत तीच तक्रार उमटली. जानेवारी २०२५ मध्ये मात्र कंपनीने जाहीर केलं, की 'स्पायडर-मॅन २', 'रॅग्नारॉक', 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' आणि 'होरायझन झीरो डॉन'ची नवी आवृत्ती यांना खातं ऐच्छिक राहील, आणि जो स्वखुशीने जोडेल त्याला गेममध्ये पोशाख, गुण असं काहीतरी जादा मिळेल. चारही गेम एकट्याने खेळायचे. ऑनलाइन गेमचं काय, हे त्या घोषणेत नव्हतं.